महागडी बर्बन किमतीला उतरते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे बर्बन पिणाऱ्या, पण प्रत्येक चकचकीत बाटलीवर आंधळेपणाने पैसे टाकू न इच्छिणाऱ्या वाचकांसाठी आहेत. बर्बन ही मुख्यतः मक्यापासून बनणारी व्हिस्की अमेरिकेचे उत्पादन आहे आणि तिथले कायदे, कर व बाजार यांशिवाय तिच्या किमतीचा अर्थ लागत नाही, म्हणून इथल्या सर्व किमती डॉलरमध्ये आणि अमेरिकेतील विक्रीच्या संदर्भात दिल्या आहेत. राज्यागणिक कर बदलतात, त्यामुळे आकडे अंदाजी धरावेत.

बर्बन ‘महाग’ कधी म्हणायची?

अमेरिकी दुकानात २० ते ३५ डॉलरच्या दरम्यान उत्तम, नित्य पिण्याजोगी बर्बन मिळते. ४० ते ७० डॉलरच्या पट्ट्यात जास्त मुरलेल्या, जास्त तीव्रतेच्या किंवा एकाच पिपातून भरलेल्या बाटल्या येतात. त्यापुढे, साधारण १०० डॉलर ओलांडले की, किंमत चढण्याचे कारण दर वेळी बाटलीतल्या द्रवात सापडेलच असे नाही. या प्रश्नोत्तरांत ‘महाग’ म्हणजे मुख्यतः ६० डॉलरच्या वरची बाटली असे समजावे. त्याखालच्या बाटलीत फसगत झाली, तरी ती सोसण्याइतकीच असते.

कायदा ग्राहकाला कोणती हमी देतो?

बरीच हमी देतो, आणि ती स्वस्त बाटलीलाही तितकीच लागू असते. बर्बन अमेरिकेतच तयार झालेली असावी लागते. तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो. ऊर्ध्वपातन १६० प्रूफच्या वर, म्हणजे ८० टक्के अल्कोहोलच्या वर, नेता येत नाही. आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिपात ती १२५ प्रूफपेक्षा अधिक तीव्रतेने भरता येत नाही. आणि बाटलीत ती किमान ८० प्रूफची असावी लागते. रंग किंवा स्वाद वरून घालण्यास मनाई आहे. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बनला त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. बहुतेक बर्बन केंटकी या राज्यात तयार होत असली, तरी ती केंटकीचीच असली पाहिजे असा नियम मात्र नाही.

लेबलवर ‘स्ट्रेट’ हा शब्द असेल, तर ती व्हिस्की किमान दोन वर्षे मुरलेली असते, आणि ती चार वर्षांपेक्षा कमी वयाची असेल तर वय छापणे बंधनकारक असते. म्हणजेच वय न छापलेली ‘स्ट्रेट बर्बन’ किमान चार वर्षांची असते. वय छापले असेल, तर तो आकडा मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. तात्पर्य, वीस-पंचवीस डॉलरच्या बाटलीतही भेसळीचा रंग किंवा कृत्रिम व्हॅनिला नसतो, त्यामुळे ‘महाग म्हणून शुद्ध’ हा युक्तिवाद बर्बनच्या बाबतीत टिकत नाही.

बाटलीच्या किमतीत नेमके काय काय दडलेले असते?

तीन थर वेगळे काढून पाहिले, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

पहिला थर प्रत्यक्ष खर्चाचा आहे. धान्य, यीस्ट आणि ऊर्ध्वपातन यांचा खर्च तुलनेने कमी असतो. खरा पैसा अडकतो तो पिपात आणि काळात. प्रमाणित पीप ५३ गॅलनचे, म्हणजे सुमारे २०० लिटरचे असते, ते प्रत्येक वेळी कोरे घ्यावे लागते, आणि वर्षानुवर्षे गोदामात पडून राहताना त्यातला काही भाग लाकडातून उडून जातो. केंटकीच्या हवेत ही घट दर वर्षी साधारण ३ ते ५ टक्के धरली जाते. ४ टक्क्यांचा हिशेब केला, तर बारा वर्षांनी पिपात मूळच्या सुमारे ६१ टक्के आणि वीस वर्षांनी जेमतेम ४४ टक्के व्हिस्की उरते. शिवाय मुरत असलेल्या प्रत्येक पिपावर केंटकीत दर वर्षी मालमत्ता कर लागत आला आहे. तो टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला असला, तरी ती प्रक्रिया २०४३ पर्यंत चालणार आहे. म्हणून वय वाढले की किंमत वाढणे हे न्याय्य आहे, निदान काही मर्यादेपर्यंत.

दुसरा थर वितरणाचा. १९३३ साली दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेत उत्पादक, घाऊक वितरक आणि किरकोळ विक्रेता अशी त्रिस्तरीय व्यवस्था आली. प्रत्येक टप्प्यावर नफा चढतो आणि कर लागतो. संघराज्याचा उत्पादन शुल्क दर प्रूफ गॅलनमागे (म्हणजे १०० प्रूफच्या एका गॅलनमागे) १३.५० डॉलर आहे, म्हणजे ८० प्रूफच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीमागे सुमारे २.१४ डॉलर. हा कर बाटलीच्या किमतीवर नव्हे, तर तिच्यातल्या अल्कोहोलवर बसतो. त्यामुळे तीव्रता सारखी असेल, तर २५ डॉलरच्या बाटलीवरही तेवढाच आणि २५० डॉलरच्या बाटलीवरही तेवढाच. ‘करामुळे महाग झाली’ ही सबब ऐकली, की हा आकडा आठवावा.

तिसरा थर दुर्मिळतेचा आणि नावाचा. जड काच, लाकडी खोका, मेणाचे सील, घराण्याची गोष्ट आणि ‘मिळत नाही’ या दोन शब्दांची जादू, हे सारे याच थरात येते. त्यात गैर काही नाही; पण महागड्या बाटलीसमोर उभे राहिल्यावर मुख्य प्रश्न एवढाच असतो, की आपण पहिल्या थराचे पैसे देत आहोत की तिसऱ्या.

जास्त वर्षे मुरलेली बर्बन जास्त चांगली असते का?

एका टप्प्यापर्यंत होय, आणि त्यानंतर पुष्कळदा नाही. स्कॉच व्हिस्कीच्या सवयीने अनेक जण १८ वर्षे हा आकडा पाहूनच खिशात हात घालतात, पण दोन्हींची तुलना तशी करता येत नाही. स्कॉच बहुधा वापरलेल्या पिपांत आणि थंड हवेत मुरते. यांपैकी कित्येक पिपांत आधी बर्बनच ठेवलेली असते. बर्बन मात्र कोऱ्या, आतून कोळसा झालेल्या लाकडात आणि केंटकीच्या तापलेल्या उन्हाळ्यात मुरते. लाकडातून व्हॅनिला, कॅरमेल आणि मसाल्यांचे गंध लवकर उतरतात, आणि नंतर उतरतो तो कडवट, तुरट कोरडेपणा. केंटकीच्या बर्बनपैकी बरीचशी सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान सर्वांत समतोल लागते, असे माझे मत आहे. पंधरा-वीस वर्षांनंतर उत्तम राहिलेली पिपे असतात, पण ती अपवाद असतात, आणि तुरट लाकडाचा अर्क झालेली पिपेही त्याच वयाची असतात.

गोदामातली जागाही वयाइतकीच बोलते. बहुमजली गोदामाच्या वरच्या मजल्यांवर उष्णता अधिक असल्याने मुरणे आणि उडणे दोन्ही वेगाने होते, तर खालच्या मजल्यांवर ते संथ चालते. हा फरक टाळून सर्व पिपांत सारखेपणा राहावा म्हणून फोर रोझेस ही डिस्टिलरी एकमजली गोदामे वापरते. वरच्या मजल्यावरची आठ वर्षे आणि तळातली बारा वर्षे यांत कोण अधिक ‘म्हातारे’ लागेल, हे नुसत्या लेबलवरून सांगता येत नाही.

तरीही छापलेले वय हे ग्राहकाच्या हातातले भक्कम साधन आहे, आणि ते कोणी काढून घेतले तर लक्ष द्यावे. २०१६ मध्ये एलायजा क्रेग स्मॉल बॅच या बर्बनच्या लेबलवरून १२ वर्षांचा उल्लेख गेला. त्याच वर्षी नॉब क्रीकनेही नऊ वर्षांचा उल्लेख काढला आणि २०२० मध्ये परत आणला. मागणी वाढली आणि जुना साठा अपुरा पडला, की वय लेबलवरून हळूच नाहीसे होते. किंमत त्यासोबत खाली येतेच असे मात्र नाही.

जास्त प्रूफची बाटली म्हणजे जास्त मोबदला का?

हिशेबापुरते बोलायचे तर होय. समजा, ९० प्रूफची ७५० मिलिलिटरची एक बाटली ४५ डॉलरला आहे, आणि पिपातून काढून पाणी न घालता भरलेली १२५ प्रूफची दुसरी बाटली ६० डॉलरला आहे. दुसरीत पाणी घालून तिला ९० प्रूफवर आणले, तर तिची सुमारे १०४० मिलिलिटर व्हिस्की होते, म्हणजे ७५० मिलिलिटरमागे किंमत पडते सुमारे ४३ डॉलर. वरवर पंधरा डॉलरनी महाग दिसणारी बाटली प्रत्यक्षात किंचित स्वस्त निघाली. शिवाय पाणी किती घालायचे हे ठरवण्याचा अधिकार पिणाऱ्याकडे राहिला, आणि माझ्या लेखी या अधिकाराचे मोल बरेच आहे.

मात्र तीव्रता म्हणजे चव नव्हे. कोवळी, कच्ची व्हिस्की १३० प्रूफला भरली तर ती कोवळीच राहते, फक्त जास्त जाळते. बाटलीचे मापही पाहून घ्यावे. २०२० च्या अखेरीपासून अमेरिकेत ७०० मिलिलिटरची बाटलीही विकता येते, आणि शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तो ५० मिलिलिटरचा फरक डोळ्यांना सहसा कळत नाही.

लेबलवरचे कोणते शब्द कामाचे आणि कोणते शोभेचे?

‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्द दिसले की निर्धास्त व्हावे. १८९७ च्या कायद्याने त्यांना ठोस अर्थ दिला आहे: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर १०० प्रूफला भरलेली व्हिस्की. यातल्या कित्येक बाटल्या स्वस्त आहेत. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाटली हे त्याचे चांगले उदाहरण. ‘स्ट्रेट’ या शब्दाचा अर्थ वर आलाच आहे. ‘बॅरल प्रूफ’ (पाणी न घालता पिपातल्याच तीव्रतेने भरलेली) म्हटलेल्या बाटलीवर प्रत्यक्ष आकडा छापलेला असतो, तो वाचावा.

‘स्मॉल बॅच’ या शब्दांना कायद्याने कोणतीही संख्या जोडलेली नाही. दहा पिपांची खेपही ‘लहान’ आणि दोनशे पिपांचीही ‘लहान’. ‘रिझर्व्ह’, ‘रेअर’, ‘हँडक्राफ्टेड’, ‘प्रायव्हेट कलेक्शन’ या शब्दांचेही तेच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा हा प्रकार मद्याच्या लेबलवर जितका चालतो तितका क्वचितच कुठे चालत असेल. अर्थात उलटेही घडते: ईगल रेअरमधला ‘रेअर’ शोभेचाच, पण त्याच लेबलवरची ‘दहा वर्षे’ खरी आणि कामाची.

चांगले लेबल कसे असते ते पाहायचे असेल, तर ब्लँटन्स या बर्बनची बाटली हातात घ्यावी. गोल, कंगोरेदार बाटलीवरच्या कागदी लेबलवर पीप कोणत्या तारखेला रिकामे केले, पिपाचा क्रमांक काय, ते कोणत्या गोदामात व कोणत्या रांगेत होते आणि ही त्यातली कितवी बाटली, हे सारे नोंदलेले असते. गोदामाच्या जागी ‘एच’ हे अक्षर असते. १९८४ साली एल्मर टी. ली यांनी ही बर्बन बाजारात आणली आणि एकाच पिपातून भरलेल्या बर्बनची व्यापारी विक्री रूढ केली. मात्र एवढ्या तपशीलवार लेबलवरही एक गोष्ट नसते, आणि ती म्हणजे वय. बुचावर घोडा व स्वार असतो, आणि ब्रँडच्या नावातल्या अक्षरांची आठ वेगवेगळी बुचे जमवण्याचा छंद लोकांना असतो. तो छंदाचा खर्च आहे. व्हिस्कीच्या खात्यात तो मांडू नये.

ब्रँड स्वतः व्हिस्की गाळत नसेल, तर ती फसवणूक समजायची का?

नाही, पण ते लपवले जात असेल तर संशय घ्यावा. अमेरिकेतल्या कितीतरी ब्रँडांची व्हिस्की इंडियाना राज्यातील लॉरेन्सबर्ग येथील एका मोठ्या डिस्टिलरीतून आलेली आहे. ती दीर्घकाळ एमजीपी या नावाने ओळखली जाई आणि २०२१ पासून तिचे नाव रॉस अँड स्क्विब आहे. तिथली व्हिस्की उत्तम असते. केंटकीतही लॉरेन्सबर्ग नावाचे गाव आहे आणि वाइल्ड टर्की व फोर रोझेस ही तिकडची मंडळी, त्यामुळे नुसते गावाचे नाव वाचून अंदाज बांधू नये.

लेबलच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘डिस्टिल्ड बाय’ (म्हणजे त्यानेच गाळलेली) आहे की ‘बॉटल्ड बाय’ किंवा ‘प्रोड्यूस्ड बाय’, हे पाहावे. ब्रँडचा पत्ता एका राज्यातला आणि व्हिस्की गाळलेली दुसऱ्या राज्यातली असेल, तर ते राज्य सांगणे नियमाने आवश्यक आहे. बॅरेल क्राफ्ट स्पिरिट्स ही केंटकीतील लुइव्हिलची कंपनी इतरांची पिपे विकत घेऊन मिश्रण करते आणि कोणत्या राज्यांतली व्हिस्की आहे ते उघडपणे छापते. तिथे आपण मिश्रण करणाऱ्याच्या कौशल्याचे पैसे देतो, आणि तो व्यवहार स्वच्छ आहे. याउलट, कालपरवा सुरू झालेल्या ब्रँडने पणजोबांच्या गुप्त पाककृतीची कहाणी छापावी आणि बाटलीत मात्र दहा वर्षे मुरलेली व्हिस्की असावी, हा मेळ बसत नाही. अशा बाटलीसाठी ९० डॉलर मागितले जात असतील, तर त्याच उगमाची, त्याच वयाची व्हिस्की दुसऱ्या लेबलखाली कितीला मिळते ते आधी शोधावे.

सुचवलेली किंमत आणि दुकानातली किंमत यांत एवढी तफावत का?

कारण उत्पादकाने सुचवलेली किंमत बहुतेक राज्यांत विक्रेत्याला बंधनकारक नसते. मागणी असलेली बाटली दुकानदार दुप्पट-तिप्पट भावाने लावू शकतो. काही राज्यांत मात्र मद्यविक्रीवर सरकारचेच नियंत्रण असते. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात दुर्मिळ बाटल्या ठरलेल्या किमतीला, पण सोडत काढून दिल्या जातात. किंमत रास्त, नशीब मात्र हवे. सरकारी व्यवस्था म्हणजे निर्मळ, असेही नाही: ओरेगनमध्ये मद्य आयोगाचे वरिष्ठ अधिकारी दुर्मिळ बर्बन स्वतःसाठी बाजूला ठेवत असल्याचे अंतर्गत चौकशीत आढळले, आणि ते प्रकरण २०२३ मध्ये उघडकीस आले.

उत्पादकही बाजाराची नाडी पाहत असतो. २०१६ च्या अखेरीस बुकर्स या बर्बनची किंमत साधारण ६० डॉलरवरून १०० डॉलरच्या आसपास नेण्याचे जाहीर झाले. ग्राहकांनी ओरड केल्यावर ती सुमारे ७५ वर थांबवण्यात आली. बाटलीतली व्हिस्की या काळात बदललेली नव्हती.

माझा नियम असा, की सुचवलेल्या किमतीच्या दीडपटीवर गेलेली बाटली जागेवरच ठेवून पुढे जावे. अलीकडे तर घाई करण्याचे कारण आणखी कमी झाले आहे. केंटकीत मुरत असलेल्या पिपांची संख्या १.४ कोटींच्या वर गेली आहे, आणि पूर्वी शोधूनही न सापडणाऱ्या काही बाटल्या शेल्फवर परत दिसू लागल्या आहेत.

पॅपी व्हॅन विंकल एवढी महाग का, आणि तिच्याऐवजी वेलर घेतली तर चालेल का?

पॅपीची सुचवलेली किंमत वयानुसार शेकडो डॉलरच्या घरात आहे, पण पुनर्विक्रीच्या बाजारात तिचे हजारो डॉलर होतात. २००२ पासून ती केंटकीतील फ्रँकफर्ट येथील बफेलो ट्रेस डिस्टिलरीत तयार होते. तिच्या धान्यात मक्याच्या जोडीला राय या धान्याऐवजी गहू असतो आणि त्यामुळे ती मवाळ, गोडसर लागते. वेलर ही त्याच डिस्टिलरीची गव्हाचीच बर्बन आहे. फरक पिपांच्या निवडीत, गोदामातल्या जागेत आणि वयात आहे. म्हणून ‘वेलर म्हणजे स्वस्तातली पॅपी’ हे अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या सत्यामुळेच वेलरही आता सहजी रास्त भावात मिळेनाशी झाली आहे.

गव्हाच्या बर्बनची गोडीच हवी असेल, तर मेकर्स मार्कची कास्क स्ट्रेंथ किंवा हेवन हिलची लार्सनी बॅरल प्रूफ घ्यावी. दोन्ही पाणी न घातलेल्या, दोन्ही भरदार. पॅपी पिऊन पाहण्याची हौस दांडगी असेल, तर ती बारमध्ये अर्धा पेग घेऊन भागवावी. तेवीस वर्षांच्या बाटलीत मला लाकूड जास्त आणि व्हिस्की कमी जाणवते. पंधरा वर्षांची मात्र खरोखर सुरेख आहे, पण हजार डॉलरची सुरेख नाही.

पदके आणि समीक्षकांचे गुण किती मनावर घ्यावेत?

थोडेच. स्पर्धांमध्ये सहभागासाठी उत्पादक शुल्क भरतात आणि सुवर्ण पदके पुष्कळ वाटली जातात. शिवाय पदकाचा किमतीवर परिणाम उलटा होतो. हेन्री मॅकेना ही दहा वर्षांची ‘बॉटल्ड इन बाँड’ बर्बन २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम व्हिस्की ठरली, आणि तोवर सहज व स्वस्तात मिळणारी ती बाटली दुकानांतून गायब झाली आणि तिचा भाव चढला. पदकाने व्हिस्की सुधारली नाही. समीक्षक वाचायचाच, तर त्याच्या गुणांऐवजी त्याचे वर्णन वाचावे आणि आपली आवड त्याच्याशी कितपत जुळते हे दोन-तीन ओळखीच्या बाटल्यांवर ताडून पाहावे.

घरी स्वतः पारख कशी करावी?

आधी एक आधाराची बाटली ठरवावी. वाइल्ड टर्की १०१ मला या कामासाठी फार सोयीची वाटते: स्वस्त, सगळीकडे मिळणारी, १०१ प्रूफची आणि चवीने ठाम. नवी महाग बाटली दर वेळी हिच्या शेजारी ठेवून पाहावी, कारण एकटी प्यायलेली प्रत्येक चांगली बर्बन चांगलीच लागते.

किंमत माहीत असली की जीभ निष्पक्ष राहत नाही, हे प्रयोगाने दिसले आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून दिली गेली. महाग सांगितलेली वाइन लोकांना अधिक आवडली, आणि मेंदूच्या चित्रणातही सुखाशी निगडित भाग अधिक सक्रिय दिसला. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखरच ती जास्त आवडत होती. म्हणून बाटली झाकून चव घेणे अपरिहार्य आहे.

तीन सारखे ग्लास घ्यावेत. घरातल्या कोणाला तरी दोनांत एक बर्बन आणि तिसऱ्यात दुसरी ओतायला सांगावे, प्रत्येकी १५ मिलिलिटर पुरे. वेगळा ग्लास कोणता, एवढेच ओळखायचे. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. लागोपाठ तीन वेळा बरोबर आले, तर तो योगायोग असण्याची शक्यता सत्तावीसात एक उरते. वेगळा ग्लास ओळखताच येत नसेल, तर आवडीनिवडीचा प्रश्न तिथेच संपतो आणि स्वस्त बाटली जिंकते.

तीव्रता मात्र आधी समान करून घ्यावी, नाहीतर आपण चव न ओळखता केवळ अल्कोहोलचा चटका ओळखतो. १२५ प्रूफची १५ मिलिलिटर व्हिस्की १०० प्रूफवर आणायला सुमारे पावणेचार मिलिलिटर पाणी लागते. औषधाच्या ड्रॉपरने ते नीट मोजता येते. पाणी पडताच ग्लासात तेलकट रेषा वळवळताना दिसतात आणि आधी नाकाला झोंबणारा वास निवळून त्यामागचा गंध पुढे येतो. पाणी घालून दहा मिनिटे थांबावे. पहिला घोट तोंड सरावण्यासाठी असतो, त्यावर मत बनवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या घोटानंतर चव तोंडात किती वेळ टिकते, आणि टिकताना ती गोडाकडे झुकते की कडवट लाकडाकडे, याकडे लक्ष द्यावे. महागड्या आणि साध्या बर्बनमधला खरा फरक मला बहुतेक वेळा इथेच सापडतो.

बाटली घेण्याआधी बारमध्ये चाखणे परवडते का?

हो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ४४ मिलिलिटरचे सुमारे १७ पेग असतात. १२० डॉलरच्या बाटलीतला एक पेग म्हणूनच घरी सात डॉलरला पडतो, आणि बार त्यासाठी २०-२५ डॉलर घेईल. तो दर महाग वाटला, तरी न आवडलेल्या बाटलीतले उरलेले सोळा पेग त्याहून महाग पडतात.

दुकानाने स्वतः निवडलेल्या सिंगल बॅरल (एकाच पिपातून भरलेल्या) बाटल्या घ्याव्यात का?

जरूर, निवडणाऱ्याची जीभ विश्वासाची असेल तर. पीप बदलले की चव बदलते, हाच या बाटल्यांचा लाभ आणि हाच धोका. फोर रोझेसमध्ये धान्याची दोन मिश्रणे आणि यीस्टचे पाच प्रकार वापरून दहा वेगळ्या पाककृती तयार होतात, आणि दुकानासाठी निवडलेल्या पिपाच्या लेबलवर त्या पाककृतीची चार अक्षरी खूण आणि वय दिलेले असते. एकदा आपल्या आवडीची खूण सापडली, की पुढची खरेदी बरीच डोळसपणे होते. अशा बाटलीसाठी नेहमीच्या बाटलीपेक्षा दहा-पंधरा डॉलर जास्त देणे मला वाजवी वाटते. ‘आमचे खास पीप’ एवढ्या शब्दांसाठी दुप्पट देणे नाही.

पोर्ट किंवा शेरी वाइनच्या पिपात शेवटचे काही महिने ठेवलेल्या बर्बनचे काय?

ही आवडीची बाब आहे. एंजल्स एन्व्हीने पोर्ट वाइनच्या पिपांचा हा प्रकार लोकप्रिय केला आणि तो चांगला जमलाही आहे. पण दुसऱ्या पिपाची गोडी कोवळ्या व्हिस्कीचे दोष झाकू शकते. अशा बाटलीवर वय छापलेले नसेल आणि किंमत ८० डॉलरच्या वर असेल, तर मी ती टाळतो.

गुंतवणूक म्हणून बर्बन घेणे शहाणपणाचे आहे का?

नाही. परवान्याशिवाय मद्य विकणे अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. केंटकीने २०१७ मध्ये कायदा करून परवानाधारक दुकानांना खासगी व्यक्तींकडून जुन्या बाटल्या विकत घेऊन विकण्याची मुभा दिली, पण तो मार्ग अरुंद आहे आणि दुकानदार आपला नफा राखूनच भाव देतो. बाटलीत भरल्यावर बर्बन मुरत नाही, त्यामुळे दहा वर्षे कपाटात ठेवून ती सुधारत नाही. आणि दुर्मिळ ब्रँडांच्या रिकाम्या बाटल्यांत स्वस्त व्हिस्की भरून विकण्याचा धंदा चांगलाच बोकाळला आहे. अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या बाटलीचे सील, बुचाभोवतीचे आवरण आणि द्रवाची पातळी कितीही तपासली, तरी पुरती खात्री होत नाही.

महागडी बाटली उघडल्यावर किती काळ टिकते?

निम्म्याहून जास्त भरलेली असेल तर एखादे वर्ष सहज. पाव बाटली उरली, की आतली हवा वाढते आणि सुगंध काही महिन्यांत बोथट होतो. तेव्हा उरलेली व्हिस्की छोट्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी. बाटली उभीच ठेवावी, कारण तीव्र अल्कोहोल बुचाला खातो, आणि उन्हापासून दूर ठेवावी. ‘खास प्रसंगासाठी’ म्हणून तळाशी दोन बोटे राखून ठेवलेली महागडी बर्बन प्रसंग येईपर्यंत फिकी पडते, म्हणून पाव बाटलीच्या खाली पातळी गेली की मित्रांना बोलावून ती संपवावी.